वाटणीच्या वेळी मोबाइलवरचा घराचा भाव किती खरा?

घरातला मोठा माणूस जातो. काही दिवसांनी तरक्याचा विषय निघतो. घर एकच आणि वारस तीन-चार. भाऊ म्हणतो, घर मी ठेवतो, बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. यात गैर काही नाही. पण घराची किंमत किती धरायची? हल्ली अशा वेळी कुणीतरी मोबाइल काढतो, प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर एरियाचं नाव टाकतो आणि जो आकडा येतो तोच सगळ्यांनी मान्य करायचा असं ठरतं. आकडा मशीनने दिलाय, म्हणजे त्यात कुणाची लबाडी नाही, असं वाटतं. लबाडी नसेलही, पण चूक असू शकते आणि ती कुणाच्या तरी हक्कावर पडते.

हिशेब करून पाहू

सूरह निसाच्या आयत ११ आणि १२ मध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. समजा, मरहूमच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. कर्ज आणि वसीयत वजा केल्यावर पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. म्हणजे २४ भागांपैकी आईला ३, मुलीला ७ आणि मुलाला १४.

मोबाइलने घराची किंमत ४८ लाख सांगितली, तर मुलीला १४ लाख मिळतात. तेच घर बाजारात खरोखर ६० लाखांना जाणार असेल, तर तिचा हक्क साडेसतरा लाखांचा होतो. साडेतीन लाखांचा फरक! आईचेही दीड लाख जातात. आकडा उलट्या बाजूने चुकला, तर भावावर अन्याय होतो. हिस्से अल्लाहने ठरवून दिलेत, पण ते ज्या किमतीवर काढायचे ती किंमत आपल्यालाच नीट शोधावी लागते.

मशीन किंमत काढते कशी?

या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या झिलो कंपनीने २००६ मध्ये ‘झेस्टिमेट’ सुरू केलं. जवळपास विकलेली घरं, क्षेत्रफळ, खोल्या, घराचं वय, कराच्या नोंदी अशी माहिती एकत्र करून संगणक अंदाज काढतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत घर किती डॉलरला विकलं गेलं ही माहिती सार्वजनिक असते, म्हणून हे जमतं.

तरीही ते किती अचूक? कंपनीच्याच सांगण्यानुसार, विक्रीला लावलेल्या घरांत मध्यक चूक सुमारे २ टक्के आणि विक्रीला न लावलेल्या घरांत सुमारे ७ टक्के. दहावीच्या मुलांना आपण मध्यक शिकवतो, तोच हा. ७ टक्के मध्यक चूक म्हणजे निम्म्या घरांत चूक ७ टक्क्यांहून कमी आणि उरलेल्या निम्म्यांत त्याहून जास्त. जास्त म्हणजे किती, हे मध्यक सांगत नाही. वाटणीतलं घर सहसा विक्रीला लावलेलं नसतं, हेही लक्षात घ्या.

२०१६ मध्ये झिलोचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रास्कॉफ यांचं सिएटलमधलं घर साडेदहा लाख डॉलरला विकलं गेलं. त्यांच्याच वेबसाइटवर त्याचा अंदाज साडेसतरा लाख डॉलर दिसत होता. पुढे कंपनी स्वतः घरं विकत घेऊन पुन्हा विकायच्या धंद्यात उतरली. किमतींचे अंदाज फसले, एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त फटका बसला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करण्याची घोषणा झाली.

आपल्याकडे अडचण जास्त का?

आपल्याकडे वेबसाइटवर दिसणारे भाव बऱ्याच अंशी जाहिरातीतले असतात. तो मालकाने मागितलेला भाव. सौदा कितीला तुटला ते त्यात नसतं. दुसरं, क्षेत्रफळाचा घोळ. एकाने कार्पेट लिहिलेलं असतं, दुसऱ्याने बिल्ट-अप, तिसऱ्याने सुपर बिल्ट-अप. चौरस फुटाचा दर एकाचा आणि क्षेत्रफळ दुसऱ्याचं घेतलं की हिशेब बिघडलाच.

तिसरं म्हणजे कागदपत्रं. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईतल्या जुन्या मोहल्ल्यांत शेजारशेजारच्या दोन घरांची किंमत वेगळी असू शकते. एका इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे, तिथे बँक कर्ज देते. दुसरीला नाही, म्हणून गिऱ्हाईक रोखीचंच लागतं. एखादी खोली पागडीची असते, तिथे मालकी हक्कच वेगळा. एखादी इमारत पुनर्विकासाला जाणार असते. पूर्ण एरियाची सरासरी काढणाऱ्या मशीनला यातलं काय दिसणार?

रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नाही

काही जण म्हणतात, मग सरकारी दर धरा. रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक मूल्य दर तक्ता, मुख्यतः मुद्रांक शुल्कासाठी असतो. करारातली किंमत आणि हा दर यांत जो जास्त, त्यावर शुल्क लागतं. तो विभागानुसार ठरतो, तुमच्या घरानुसार नाही. प्रत्यक्ष भाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो. एक खूण म्हणून तो जरूर पाहावा, पण फक्त त्यावर वाटणी करू नये.

मग करायचं काय?

१. नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये आपल्या इमारतीतले किंवा शेजारचे अलीकडचे व्यवहार शोधा. ‘सूची क्रमांक २’ मध्ये तारीख, क्षेत्रफळ आणि मोबदला दिसतो. काही सौद्यांत कागदावर रक्कम कमी दाखवलेली असते, हे ध्यानात ठेवा.

२. कुणा एका वारसाच्या ओळखीचे नसलेले दोन-तीन एजंट गाठा. ‘भाव काय चाललाय’ असं विचारू नका. ‘याच इमारतीत शेवटचा सौदा कितीला झाला’ असं विचारा.

३. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्या. बँकही कर्ज देताना वेबसाइट बघून थांबत नाही, आपला माणूस पाठवते. मूल्यांकनकार सगळ्या वारसांनी मिळून निवडावा आणि फी सगळ्यांनी मिळून द्यावी. घर ठेवणाऱ्यानेच माणूस आणला, तर मनात शंका राहते.

४. किंमत, तिची तारीख, प्रत्येकाचा हिस्सा आणि पैसे द्यायची मुदत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पैसे दोन-तीन वर्षांनी मिळणार असतील, तर तोवर वाढलेल्या भावाचं काय, हेही आधीच ठरवा आणि एखाद्या जाणकार मुफ्तींना विचारून घ्या. हक्कसोड पत्रावर सही त्यानंतरच.

मोबाइलवरचा आकडा पहिला अंदाज म्हणून ठीक आहे. एक-दोन वेबसाइटवर पाहिलं की त्यांच्या आकड्यांतच केवढा फरक आहे ते कळतं. पण आपल्याकडे बहीण बहुतेक वेळा भावाने सांगितलेली रक्कम ऐकून घेते. नातं तुटू नये म्हणून किंमत कशी काढली हे ती विचारत नाही. म्हणून घर ठेवणाऱ्या भावानेच, तिने विचारायची वाट न पाहता, मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत तिच्या आणि आईच्या हातात द्यावी आणि वाचायला दोन दिवस द्यावेत. सह्यांचं मग बघता येईल.