पेढी : आडोसा की संधी?

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. शाळेचे दार मागे मिटले की हा आधार बहुधा तेथेच संपतो. कामाच्या ठिकाणी परीक्षा रोजचीच असते, आणि तेथे वाढीव वेळ कोणी आपणहून देत नाही.

व्यापारी कुटुंबात या प्रश्नाचे उत्तर तयार असते : ‘दुकान आहेच की!’ मग मुलगा गल्ल्याशेजारी बसतो. त्याला ना नेमून दिलेले काम, ना स्वतःचा पगार. मुलीच्या बाबतीत तर विवाहाच्या चिंतेपोटी अडचणीचा उच्चारही टाळला जातो. अशा वेळी पेढी संधी न राहता आडोसा बनते.

वस्तुतः डिस्लेक्सिया ही वाचनातील, डिस्ग्राफिया लेखनातील, तर डिस्कॅल्क्युलिया आकडेमोडीतील अडचण होय. तिचा अर्थ बुद्धी कमी असा नव्हे. बिलातील आकडे उलटसुलट वाचणारा तरुण मालाची पारख किंवा ग्राहकाशी बोलणे उत्तम करू शकतो.

कायद्यानेही ही अडचण मान्य केली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रात अक्षमता किमान 40 टक्के नोंदली असल्यास शासकीय अथवा अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील 5 टक्के आणि शासकीय नोकऱ्यांतील 4 टक्के राखीव जागांसाठी दावा करता येतो. म्हणून शालान्त परीक्षेनंतर प्रमाणपत्र कपाटात बंद करून ठेवू नये.

तयारी मात्र नववीपासूनच व्हावी. सुट्टीत काही दिवस गोदामात, काही दिवस विक्रीच्या गाळ्यावर, काही दिवस ऑनलाइन मागण्यांच्या कामावर असा अनुभव मुलाला द्यावा. तोही शक्यतो परिचिताच्या पेढीवर. घरच्या पेढीवर चुका झाकल्या जातात आणि गुणही दिसत नाहीत. कोणते काम जमते, कोठे मन रमते, याची नोंद पालकांनी ठेवावी आणि निवड मुलाला करू द्यावी.

मालकाला फार खर्च येत नाही. एका वेळी एकच सूचना द्यावी व ती मुलाकडून पुन्हा वदवून घ्यावी. कामाचा क्रम चित्रांसह भिंतीवर लावावा. मालाच्या खोक्यांना रंगीत चिठ्ठ्या असाव्यात. हाताने बेरीज करण्याऐवजी बारकोड व गणकयंत्र वापरू द्यावे, लांब मजकूर मोबाइलवर ऐकू द्यावा. रोजमेळ दुसऱ्याने तपासण्याची पद्धत सर्वांसाठीच ठेवली, तर कोणा एकाला कमीपणा वाटत नाही.

सर्वांत मोठी शिकवण मात्र मुलालाच द्यावयाची असते : स्वतःची अडचण न लाजता सांगण्याची. ‘मला हे लिहून नको, सांगा, मी चोख करीन,’ असे जो तरुण मालकाला म्हणू शकतो, तो परक्या पेढीवरही स्वतःच्या पायांवर उभा राहतो. वडिलांचे दुकान पुढे त्याच्याकडे आलेच, तर ते त्याने निवडलेले असेल.