बंदुकीच्या नळीला कल्हई!

मुलांनो, तुमच्या घरी तांब्या-पितळेची जुनी भांडी आहेत का? असतील तर आजीला विचारा. पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, आणि कथिलाचा तुकडा आतून फिरवला की काळपट भांडं चांदीसारखं चमकू लागायचं. मग त्यात ताक-आमटी कळकत नसे.

रायफलीच्या नळीलासुद्धा आतून अशीच एक कल्हई करतात! फक्त ती कथिलाची नसते, क्रोमियमची असते. सायकलच्या हँडलवर चकाकतो ना, तोच हा धातू.

पण नळीला कल्हई कशाला? नळी पोलादाची असते आणि तिच्या आत पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगर फिरते आणि फिरते म्हणून सरळ जाते. दर बाराला दारूचा तापलेला वायू ह्या खाचा थोड्या थोड्या झिजवतो. दुसरा शत्रू म्हणजे गंज. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे मिठाच्या जातीचा क्षार उरतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसाच हा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळी गंजू लागते. म्हणून शिपाई काय करत, ठाऊक आहे? नळीत चक्क कढत पाणी ओतत! पाण्याने लोखंड गंजतं हे आपण शाळेत शिकतो, पण क्षार धुऊन काढायचा तर पाणीच हवं. मग नळी कोरडी करून तेलाचा हात.

क्रोमियम पोलादाहून कठीण, सहजी न गंजणारं आणि वितळायला १९०० अंश सेल्सिअस मागणारं. विद्युत विलेपनाने त्याचा केसाहूनही पातळ थर नळीत चढवतात. जपानने १९३९ सालच्या आपल्या अरिसाका रायफलीला असा थर दिला होता. युद्ध हरत आल्यावर मात्र घाईगर्दीत तो गाळला. रशियाच्या एके-४७ च्या नळीतही हा थर असतो.

थर नसला तर काय होतं, ते अमेरिकेला व्हिएतनामच्या युद्धात कळलं. १९६५ च्या सुमारास तिथल्या सैनिकांना नवी एम-१६ रायफल मिळाली. काडतूस बसतं त्या जागी क्रोमियम नव्हतं. दारूही बदललेली, तिची काजळी जास्त. त्यात हिला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरलेला, आणि साफसफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. दमट जंगलात तिथे गंज धरला. रिकामी पुंगळी आतच अडकून बसू लागली. समोर शत्रू, आणि हा बिचारा सळई घालून पुंगळी ढकलतोय! कित्येकांचे जीव गेले. सैनिकांनी घरी पत्रं लिहिली, १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली. मग आधी काडतुसाच्या जागेला आणि पुढे सगळ्या नळीला क्रोमियम आलं.

मग नेमबाजीच्या स्पर्धेतल्या रायफलीलाही हा थर असेल, असं वाटतं ना? नाही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. विलेपनाचा थर सगळीकडे अगदी सारखा बसत नाही. खाचांच्या कडांवर जरा जास्तच चढतो. लढाईत एवढ्याने बिघडत नाही, पण बटण टिपायचं तर बिघडतं. म्हणून ह्या नळ्या आतून उघड्याच ठेवून आरशासारख्या घासतात. गोळी मऊ शिशाची, दारू चिमूटभर आणि आताच्या टोपीत तो क्षारही नाही, त्यामुळे त्या पुष्कळ टिकतात. अर्थात नेमबाज त्यांना जपतातही जिवापाड.

अलीकडे तिसरा उपायही निघालाय. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं, तसा पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवायचा. वरून थर चढत नाही, त्यामुळे खाचांचं माप जवळजवळ तेच राहतं आणि पोलाद मात्र वरून कठीण होतं. कल्हईवाल्या काकांना हे काम काही पसंत पडलं नसतं. चमक कुठाय? नळी काळीच्या काळी!