ब्राह्मी आणि संगणक

कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दरवाजा धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दान दिला, हे आपणांस कळते ते तेथील ब्राह्मी लेखामुळे. या ब्राह्मीचा संगणकाशी काय संबंध, असे विद्यार्थी विचारतील. संबंध जवळचा आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. आपल्या लिप्यांसाठी हे काम कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी केले व पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. देवनागरी, बंगाली, तेलुगू या साऱ्या ब्राह्मीच्याच लेकी. मग सर्वांच्या 'क'ला एकच क्रमांक का नसावा? १९९१च्या 'इस्की' या भारतीय मानकात तसेच ठरले. लिपी बदलली तरी मजकूर पुन्हा टंकलिखित करणे नको! इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ साली पाली तिपिटक सीडीवर आणले. पुढील आवृत्त्यांत तोच पाठ अनेक लिप्यांत वाचता येऊ लागला.

युनिकोडने प्रत्येक लिपीला वेगळे क्रमांक दिले, पण क्रम बहुतांशी इस्कीचाच ठेवला. त्यात देवनागरी 'ध' म्हणजे २३४३, जगात कोठेही.

जुन्या फाँटांचे तसे नव्हते. पडद्यावर 'ध' दिसे, आत क्रमांक असे इंग्रजी अक्षराचा. फाँट गेला की मजकुराचे कडबोळे! आम्हा कारकुनांना नोंद हरवण्याचा धाक फार. म्हणून संस्थेची इतिवृत्ते युनिकोडमध्येच ठेवावीत, असा आमचा आग्रह आहे. जुन्या फायली बदलून घेताना छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. जोडाक्षरे हमखास तेथेच बिघडतात.