‘लोक संतापले’ म्हणजे नेमके किती लोक?

‘वादग्रस्त टीव्ही जाहिराती आणि जनक्षोभ : एक अभ्यास.’ सिनॉप्सिसला असं शीर्षक द्यावंसं वाटणं साहजिक आहे. विषय ताजा, उदाहरणं भरपूर आणि डेटा फुकट. घात होतो तो ह्या फुकटच्या डेटापायी. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, जाहिरात हा माझा प्रांत नाही. पण मोजमापाचा घोळ सगळ्याच विषयांत होतो, म्हणून आज हा विषय घेतेय.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. जानेवारी २०२० मध्ये निरमाची एक जाहिरात आली. मराठा राजाच्या वेशातला अक्षय कुमार लढाई जिंकून सैन्यासह परततो. हे मळलेले कपडे आता बायकांनी धुवायचे, असा टोमणा एक स्त्री मारते, तेव्हा राजा आणि सैनिक नाचत-नाचत स्वतःच कपडे धुतात. ही मराठा योद्ध्यांची थट्टा आहे, असा आक्षेप आला. ट्विटरवर बहिष्काराचा हॅशटॅग चालला, मुंबईत वरळी पोलीस ठाण्यात तक्रार गेली. बातमी झाली, ‘लोक संतापले’.

तुम्ही हॅशटॅगचे ट्विट मोजले, समजा. काय मोजलंत? संताप? नाही, ट्विट मोजलेत. एकच माणूस चाळीस ट्विट करतो. विरोधकांची खिल्ली उडवणाराही तोच हॅशटॅग वापरतो. आणि ज्याने जाहिरात पाहिलीच नाही, फक्त वाद पाहिला, तोही त्यात असतो. आपल्याला जी गोष्ट अभ्यासायची आहे तीच आपलं माप मोजतंय का, ह्याला संशोधनात वैधता म्हणतात. व्याख्या पाठ असते हो सगळ्यांना, पण प्रत्यक्षात ती कुठे निसटते ते २०१९ च्या होळीत दिसलं.

सर्फ एक्सेलची जाहिरात होती. पांढऱ्या कपड्यातली मुलगी सायकलवरून फिरत सगळ्यांचे रंग स्वतःवर घेते आणि ते संपल्यावर आपल्या मुस्लिम मित्राला कोरडाच नमाजाला पोचवते. त्यावरही बहिष्काराची हाक आली. मग गूगल प्ले स्टोअरवर लोकांनी एक तारा देऊन राग काढला... मायक्रोसॉफ्ट एक्सेलवर! साबणाचा राग हिशेबाच्या ॲपवर. त्यातले काही खरंच चुकले असतील, काहींनी गंमत म्हणून लिहिलं असेल. एक तारा बघून दोघांत फरक करता येत नाही. आता विचार करा, ते रिव्ह्यू तुमच्या कोडने उचलले असते तर आलेख किती देखणा आला असता! हिंदुस्थान युनिलिव्हरने ती जाहिरात मागे घेतली नाही.

दुसरी अडचण जे मोजलंच जात नाही त्याची. आमचं धावडा भोकरदन तालुक्यात. इथे एखादी जाहिरात खटकली तर घरातली म्हातारी “काय दाखवू राह्यले बाई हे” म्हणते आणि चॅनल बदलते. हा आक्षेप ना हॅशटॅगमध्ये येतो, ना तक्रारवहीत. उलट कपडे धुणारा राजा बघून ती हसलीही असेल. तीही नोंद नाही. म्हणजे ‘जनक्षोभ’ ह्या शब्दातले जन कोण, हे तुमच्या नमुन्यानेच परस्पर ठरवून टाकलेलं असतं. माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि गाईडसुद्धा ती क्वचितच पकडतात.

तिसरं माप म्हणजे नियामकाचा निर्णय. मुंबईची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया १९८५ पासून आहे. ती उद्योगानेच उभारलेली संस्था आहे, पण २००६ पासून केबल टीव्हीच्या नियमांनी तिच्या संहितेला आधार दिलाय. तिथे एका तक्रारीचीही दखल घेतली जाते, कारण प्रश्न किती लोक चिडले हा नसून संहिता मोडली का हा असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुस्लिम सासरी होणाऱ्या हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची तनिष्कची जाहिरात गाजली. संस्थेच्या समितीला तिच्यात आक्षेपार्ह काही आढळलं नाही. पण कंपनीने जाहिरात आधीच मागे घेतली होती. गोंगाट, कंपनीची भीती आणि नियमभंग ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींच्या मागे जातीलच असं नाही.

‘हल्ली लोक फार लवकर दुखावतात’ हे गृहीतकही जपून वापरा. १९९५ मध्ये मधु सप्रे आणि मिलिंद सोमण ह्यांच्या बुटांच्या जाहिरातीवर (ती छापील होती) मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला, निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. तेव्हा ट्विटर नव्हतं. १९९५ ची पोलीस तक्रार आणि २०२० चा हॅशटॅग एकाच आलेखावर मांडणं म्हणजे मध्येच थर्मामीटर बदलून ताप वाढला म्हणण्यासारखं आहे.

मग करायचं काय? प्रश्न लहान करा. ‘निरमाच्या जाहिरातीवर जनक्षोभ किती होता’ ह्याऐवजी ‘वादाच्या पहिल्या सात दिवसांत मराठी आणि हिंदी ट्विटमध्ये आक्षेपाची कारणं कोणती दिली गेली’ असं विचारा. ट्विटऐवजी खाती मोजा. शंभरेक ट्विट दोघांनी एकमेकांना न विचारता वर्गीकृत करा आणि किती ठिकाणी एकमत झालं ते लिहा. आणि पन्नास का होईना, टीव्हीसमोरच्या माणसांना जाहिरात दाखवून विचारा. आधी जाहिरात दाखवायची, वादाबद्दल नंतर सांगायचं. हा क्रम उलटा झाला तर ती पन्नास उत्तरं बाद समजा.