अन्नपूर्णेची उलटी प्रदक्षिणा

नेपाळच्या मध्यभागी, पोखरा शहराच्या उत्तरेस पसरलेल्या अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारी पायवाट ‘अन्नपूर्णा सर्किट’ या नावाने ओळखली जाते. मर्स्यांगदी नदीच्या काठाने उत्तरेकडे चढत जायचे, 5,416 मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडायची आणि पलीकडे काली गंडकीच्या खोऱ्यात उतरून दक्षिणेकडे परतायचे, असा तिचा आराखडा असून, किती अंतर वाहनाने काटले त्यानुसार ती पुरी करण्यास दहा-बारा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. हिमालयात याहून उंच आणि अवघड वाटा पुष्कळ आहेत. परंतु एकाच फेरीत भातखाचरांपासून वाळवंटासारख्या उजाड मुलखापर्यंत नेणारी वाट दुर्मीळ आहे, आणि ती मुळात भटक्यांसाठी आखलेली नसून डोंगरातील गावांनी आपल्या ये-जा आणि व्यापारासाठी राखलेली होती, हेच तिचे खरे वैशिष्ट्य मानावे लागते.

भातखाचरांपासून उजाड मुलखापर्यंतच्या या बदलाचे मूळ पावसात आहे. बंगालच्या उपसागराकडून येणारे मोसमी ढग अन्नपूर्णेच्या दक्षिण उतारावर अडून तेथेच रिते होतात, त्यामुळे पोखऱ्याजवळच्या लुम्ले येथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्वतापलीकडच्या जोमसोमला 300 मिलिमीटरही मिळत नाही. महाबळेश्वर चिंब भिजत असताना माणदेश ज्या कारणाने कोरडा राहतो तेच हे पर्जन्यछायेचे कारण. फरक इतकाच की येथे अडसर म्हणून उभ्या असलेल्या भिंतीची उंची 8,000 मीटरच्या घरात आहे. पायी चालणाऱ्याला हा फरक नकाशापेक्षा घरांच्या छपरांवरून आधी कळतो. खालच्या गावांत पाणी निथळून जावे म्हणून छपरे उतरती असतात. मनांगच्या खोऱ्यात शिरल्यावर मात्र दगडी भिंतींवर माती चोपून केलेली सपाट धाबी दिसू लागतात. उतारावर रचलेल्या ब्रागासारख्या गावात खालच्या घराचे धाबे हेच वरच्या घराचे अंगण ठरते, त्यावर धान्य वाळत पडलेले असते, कडेने हिवाळ्याचे सरपण रचलेले असते, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी अखंड ओंडक्याला खाचा पाडून केलेली शिडी टेकवलेली असते.

खडकांची कथा याहून जुनी आहे. पिसांग गावाच्या अलीकडे पौंगदा डांडा नावाचा एक विशाल, अंतर्वक्र कडा नदीच्या पात्रापासून 1,500 मीटरहून अधिक उंच उठलेला दिसतो, आणि गवताचे पातेही न धरणारी ती गुळगुळीत शिळा पाहून हा कधीकाळी आडवा पसरलेला सागरतळ होता यावर विश्वास बसणे कठीण जाते. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आशिया खंडाला भिडण्यापूर्वी या दोहोंच्या मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेला गाळ दाबला जाऊन चुनखडी व शेल, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणारा चिकणमातीचा खडक, तयार झाला, आणि भूखंडांच्या टकरीत तो घड्या पडून वर उचलला गेला. सह्याद्रीच्या थरांत लाव्हारसाचा काळा कातळ पाहण्याची सवय असलेल्या मराठी भटक्याला हे वेगळेपण विशेष जाणवावे. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला घरोघरी ज्या शाळिग्रामाची पूजा होते, तो याच टेथिस समुद्राचा अवशेष आहे: सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या अॅमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्याचे ते जीवाश्म असून, काळ्या शेलमधील गोटे काली गंडकीच्या प्रवाहात झिजून उघडे पडतात. त्यावर दिसणारे चक्र म्हणजे त्या शंखाची वळणे होत.

बौद्ध व हिंदू दोन्ही परंपरांत प्रदक्षिणा देवाला उजवीकडे ठेवून घातली जाते, आणि वाटेतील मणी-भिंतींना, म्हणजे मंत्र कोरलेले दगड रचून केलेल्या लांब बांधांनाही, तसेच उजव्या हाताला ठेवून जाण्याचा रिवाज आहे. संपूर्ण सर्किट मात्र बहुतेक जण पर्वताला डावीकडे ठेवून, उलट्या दिशेने करतात, आणि त्याचे कारण सर्वस्वी शारीरिक आहे. पूर्वेकडून मनांग (सुमारे 3,500 मीटर), याक खर्क आणि थोरोंग फेदी असे मुक्काम करीत हळूहळू उंची गाठता येते, तर पश्चिमेकडून मुक्तिनाथहून निघाल्यास सुमारे 1,600 मीटरची चढण एका दिवसात चढावी लागते. विरळ हवेत शरीर रुळण्यापूर्वी वर गेल्यास डोकेदुखी व मळमळीपासून सुरू होणारा विकार मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येण्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून मनांगला एक दिवस अधिक थांबण्याचा सल्ला दिला जातो आणि तो कोणीही टाळू नये. हवामानाची लहरही तितकीच गंभीर आहे. ऑक्टोबर 2014मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष या भागात हिमवादळ होऊन पोचले आणि 40हून अधिक माणसे प्राणास मुकली, तीही एरवी वर्षातील सर्वांत निरभ्र समजल्या जाणाऱ्या महिन्यात.

खिंडीपलीकडे मुक्तिनाथच्या 108 धारा आणि नैसर्गिक वायूवर तेवणारी ज्वालामाईची ज्योत आहे, व तेथून खाली काली गंडकीच्या काठी थकाली समाजाची गावे लागतात. तिबेटचे मीठ दक्षिणेला आणि दक्षिणेचे धान्य तिबेटला, या अदलाबदलीवर तुकुचे गावातील मोठे वाडे उभे राहिले. 1959नंतर तिबेटची सीमा आवळली गेली तसा तो व्यापार ओसरला. पुढे 1977मध्ये हा मार्ग परदेशी प्रवाशांना खुला झाला तेव्हा, वाटसरूंना जेवूखाऊ घालण्याची पिढ्यांची सवय असलेल्या थकाली कुटुंबांनी आपल्या खाणावळींना लॉजचे रूप दिले, आणि त्यांचा डाळभात आज नेपाळभर नावाजला जातो.

गेल्या दोन दशकांत दोन्ही खोऱ्यांत मोटाररस्ते आले आणि सर्किट संपले अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. ती समजण्यासारखी असली तरी पुरती न्याय्य नाही, कारण ज्या गावातून आजाऱ्याला पाठीवर घेऊन दिवसेंदिवस चालावे लागत असे, त्या गावाने पाहुण्यांच्या आनंदासाठी रस्ता नाकारावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. नुकसान झाले ते मधल्या लहान वस्त्यांचे. जीप न थांबता पुढे निघून जाते आणि तेथील लॉजमध्ये मुक्कामाला माणूस उरत नाही. त्यावर उपाय म्हणून रस्ता टाळणाऱ्या जुन्या वाटा पुन्हा मोकळ्या करून मुख्य मार्गावर लाल-पांढऱ्या व आडवाटांवर निळ्या-पांढऱ्या रंगाच्या खुणा केलेल्या आहेत, आणि ज्याच्या हाती एक-दोन दिवस अधिक आहेत त्याने पिसांगहून नदीकाठचा सोपा रस्ता सोडून घ्यारू व न्गावल या वरच्या गावांची चढण धरावी, तेथेच जेवावे आणि तेथेच रात्र काढावी.