नोस्फेराटूला खंजिरीची साथ

अकोल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात ‘नोस्फेराटू’ दाखवायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न संगीताचा आला. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा हा १९२२चा जर्मन मूकपट. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वर बेतलेला, पण परवानगी न घेता, म्हणून नावं बदलली आणि ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला. स्टोकरच्या पत्नीने तरीही दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. इकडेतिकडे गेलेल्या काही प्रती वाचल्या, म्हणून तो आज बघता येतो. हान्स एर्डमानने रचलेलं मूळ संगीत मात्र पूर्ण उरलं नाही.

मूकपटांच्या काळात आपल्याकडेही पडद्याजवळ तबला-पेटीवाले बसायचे. आम्ही भजनी मंडळातले दोघे गाठले. पेटीवर अकोल्याचेच एक काका, आणि खंजिरीला अमरावती जिल्ह्यातले, मोझरीकडचे भाऊ. तुकडोजी महाराजांच्या भजनांत त्यांचा हात लहानपणापासून मुरलेला.

पहिल्या तालमीत दोघांनी प्रत्येक प्रसंग वाजवून काढला. घोडागाडीचा प्रसंग छान जमला. तिथे मुर्नाऊने कॅमेरा मुद्दाम हळू फिरवला आहे, त्यामुळे गाडी झटके खात सुसाट धावते. मधेच निगेटिव्ह प्रतिमा येते आणि सारं रान पांढरंफटक होतं. पुढे ऑर्लोक दाराच्या चौकटीत उभा राहतो. मॅक्स श्रेक हा नट हलतो फार थोडा. पाठ ताठ, हात अंगाला चिकटलेले, लांब नखं खाली. त्याच्या चालीवर ठेका धरला की भीती पार उडून जायची.

भाऊंनी हात थांबवला. ‘‘हे भूत काई घाईत नाई. मंग म्या काऊन घाई करू?’’

त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि खंजिरीच्या चामड्यावर फिरवली. चामडं ढिलं पडलं, आवाज खाली उतरला. झांजा वाजू नयेत म्हणून डाव्या हाताच्या बोटांनी त्या दाबून धरल्या आणि अंगठ्याच्या कडेने एकच थाप दिली. तिचा घुमारा विरेपर्यंत दुसरी नाही. काकांनी सूर सोडून नुसता भाता ओढला. रिकाम्या भात्याचा तो श्वास ऑर्लोकला इतका चपखल बसला की पुढे त्याच्या प्रत्येक येण्याला आम्ही तोच ठेवला.

एक शंका भाऊंनीच काढली. तालमीची प्रत निव्वळ काळी-पांढरी होती. ‘‘हे भर उनात गावातून फिरते, अन् उनानंच मरते. कसं काय बाप्पा?’’ शंका रास्त होती. रात्रीचे प्रसंगही दिवसाउजेडी चित्रित केलेले. मूळ प्रतींत ते निळ्या रंगात बुडवलेले असत, म्हणून प्रेक्षकाला रात्र कळे. निळा गेला की गोष्टच मोडते. खेळासाठी मग रंगीत छटांची प्रत मिळवली. रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने मरतो ही कल्पनाही याच चित्रपटाने रूढ केली. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. आमच्याकडे टळटळीत दुपारी बारा वाजताच चिंचेखाली जाऊ नको म्हणतात. उन्हाने भूत मरतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला सहज पटत नाही. मला वाटतं, म्हणूनच इथे शेवटापेक्षा मधलं जहाज जास्त अंगावर येतं.

ते जहाज, एम्पुसा, खलाशी संपल्यावर शिडं भरून आपोआप बंदरात शिरतं. खेळाच्या संध्याकाळी मे महिना होता. खिडक्यांना काळी ताडपत्री, दोन्ही बाजूंना घरघरणारे कूलर. त्या आवाजात अंगठ्याची थाप ऐकूच येईना. जहाज दिसू लागताच कोणीतरी उठून दोन्ही कूलर बंद केले. उकाडा भपकन वर आला, तरी कोणी उठलं नाही. भाऊंनी त्या सबंध प्रसंगात खंजिरी मांडीवर पालथी ठेवली होती. काकांचा भाता तेवढा चालू होता. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प होती.

शेवटी कोंबडा आरवेपर्यंत नायिका एलेन ऑर्लोकला आपल्या उशाशी अडकवून ठेवते. तिथे काय वाजवावं यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. काकांना भैरवी हवी आहे. भाऊ म्हणतात, बाईनं स्वतःचा जीव दिला, तिथे सूर कशाला, झांजा मोकळ्या करा. मला भाऊंचं पटतं. अमरावतीच्या खेळाला तसंच करून बघणार आहोत, आणि कूलर सुरुवातीपासूनच बंद ठेवायचे आहेत.