सटवाईचा कागद आणि टाचेतले रक्त

वागणूक रक्तातून येते की संस्कारांतून, हा मानसशास्त्रातील वाद जुना असला तरी फिनाइलकीटोनुरिया या दुर्मीळ विकाराने त्याची मांडणीच चुकीची ठरवली आहे. १९३४ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर आस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे एक आई बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुले घेऊन आली. मुलांना येणाऱ्या चमत्कारिक वासाचे कारण तिला कोणी सांगू शकले नव्हते. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले तेव्हा ती हिरवी झाली, आणि त्या रंगाचा माग काढता काढता फिनाइलपायरुविक आम्ल हाती लागले. अन्नातील प्रथिनांतून मिळणारे फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल टायरोसिनमध्ये बदलणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, यकृतात काम करते. बाराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आले, तर फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साचत जाते, वाढत्या मेंदूला इजा करते, आणि मूल बुद्धीने मागे राहते, चिडचिडे होते, कधी डोकेही आपटत राहते.

एवढ्यावरून जनुकांचा कौल अखेरचा मानता आला असता. परंतु बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीला फिनाइलअ‍ॅलनिन अत्यल्प असलेला आहार दिला. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली, खुर्चीवर चढू लागली, तिचे अखंड रडणे थांबले. हा योगायोग नव्हे हे पडताळण्यासाठी आईच्या नकळत तेच अमिनो आम्ल आहारात पुन्हा मिसळण्यात आले (आज कोणतीही नैतिकता समिती याला संमती देणार नाही), आणि दहा महिन्यांत कमावलेले बहुतेक सारे सहा दिवसांत गेले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलीचे जनुक होते तसेच राहिले. बदलले ते तिचे जेवण.

जुळ्यांच्या अभ्यासांतून निघणारी टक्केवारी याच कारणाने जपून वाचावी लागते. २०१५ मध्ये अशा २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मानवी गुणवैशिष्ट्यांच्या आनुवंशिकतेची सरासरी ४९ टक्के निघाली. याचा अर्थ एखाद्याचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला असा नाही, तर पाहणीतील माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे निम्मे जनुकांतील फरकांशी जोडता येतात, एवढाच आहे, आणि परिस्थिती बदलली की हा आकडाही बदलू शकतो.

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहिते, या समजुतीने महाराष्ट्रात पूजेपाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणलेल्या फिनाइलकीटोनुरियाच्या चाचणीलाही जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत एक कागद लागतो, बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपून घेणारा. तो वेळीच वाचला गेला तर मुलाला प्रथिने मोजूनमापून दिली जातात आणि ते चारचौघांसारखे शाळेत जाते.